रस्त्यात उभी ती घोडी कुणाची?

भाचा साउदॅम्प्टनला शिकायला गेला आणि तिसऱ्याच आठवड्यात त्याचा फोटो आला. डांबरी रस्ता, रस्त्याच्या मधोमध आडवी उभी राहिलेली तपकिरी घोडी, तिला बिलगून शिंगरू आणि मागे निमूट थांबलेल्या चार मोटारी. खाली मजकूर: "मामा, इथे घोडे मोकाट सुटलेत. मालकाचा पत्ता नाही. पोलिसांना कळवायचं असतं का?"

मी त्याला लिहिलं, "कळवू नकोस, हसतील. आणि मोकाट हा शब्द मागे घे."

ती घोडी मोकळी होती, मोकाट नव्हती. तिला मालक होता, मालकाचं नाव एका वहीत होतं, तिच्या अंगावर तापल्या लोखंडाने उमटवलेला त्याचा डाग होता, तिच्या नावाचे वर्षाचे पैसे भरलेले होते आणि तिच्या शिंगराचा बापसुद्धा कुणीतरी तपासून, मंजूर करून, मोजक्या दिवसांसाठी रानात सोडलेला होता. हे सगळं मी त्याला फोनवर समजावायला गेलो आणि वीस मिनिटांत आम्ही दोघंही गोंधळलो. म्हणून आता सावकाश लिहून काढतोय. शिवाय आपल्याकडे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानांवरच्या अतिक्रमणांची दखल घेतली तेव्हापासून 'गायरान' हा शब्द बातम्यांत अधूनमधून येतो. बातमी अतिक्रमणाची असते, चराईची नसते. सगळ्यांच्या मालकीच्या रानात जनावरं चारायची तर कारभार कसा चालतो, हे एकदा कुठेतरी नीट बघावं, तर हे इंग्लंडमधलं उदाहरण त्याला चांगलं आहे.

नाव 'नवं जंगल', पण नवंही नाही आणि जंगलही नाही

भाचा फिरायला गेला ती जागा म्हणजे न्यू फॉरेस्ट. इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशर परगण्यात, साउदॅम्प्टनच्या शेजारीच. १०७९ च्या सुमाराला विल्यम राजाने शिकारीसाठी हा मुलूख राखून ठेवला. तेव्हाच्या भाषेत 'फॉरेस्ट' म्हणजे झाडी नव्हे, तर राजाच्या शिकारीचा कायदा जिथे चालतो तो प्रदेश. त्यामुळे आजही तिथे ओक आणि बीचची दाट राई आहे तशीच मैलोन्‌मैल उघडी माळरानं आहेत, दलदल आहे, गावं आहेत, चहाची दुकानं आहेत. २००५ पासून तो राष्ट्रीय उद्यान आहे, क्षेत्रफळ सुमारे ५६६ चौरस किलोमीटर. त्यात साधारण पाच हजार पोनी, म्हणजे बुटक्या चणीचे घोडे, कुंपणाशिवाय हिंडतात. सोबत गाई, गाढवं आणि पावसाळी पानगळीच्या दिवसांत डुकरं.

आता राजाच्या शिकारीच्या रानात गावकऱ्यांची जनावरं घुसली कशी? कारण साधं आहे. राजाला हरणं मोकळी फिरायला हवी होती, म्हणून त्याने गावकऱ्यांना शेताभोवती कुंपण घालायला मनाई केली. हरणं येऊन पीक खाणार आणि तुम्ही अडवायचं नाही. मग माणसं जगणार कशावर? त्या बदल्यात त्यांना रानात जनावरं चारायची मुभा मिळाली. तरी हरिणी वितात त्या उन्हाळ्याच्या मध्यावर महिनाभर आणि हिवाळ्यात चारा तुटतो तेव्हा काही महिने गावकऱ्यांनी आपली जनावरं बाहेर काढायची, असा दंडक होताच. पाहुण्याच्या घरी राहावं तसं, यजमानाच्या सोयीने.

पुढे राजांचा शिकारीतला रस आटला आणि जहाजांच्या लाकडातला वाढला. १८५१ मध्ये कायदाच झाला: हरणं काढून टाकायची आणि त्या मोबदल्यात राजसत्तेला झाडं लावायला रान कुंपणात घ्यायचा अधिकार. चराईवाल्यांच्या पोटावर पाय आला. पंचवीस वर्षं भांडण चाललं. अखेर १८७७ च्या कायद्याने नवी कुंपणं थांबवली आणि चराईचा कारभार चराईवाल्यांच्याच पंचांकडे दिला. आजची सगळी व्यवस्था त्या कायद्यावर उभी आहे.

हक्क माणसाचा नसून जागेचा

इथे पहिला अवघड शब्द येतो: कॉमनर. म्हणजे सामाईक रानावर हक्क असलेला माणूस. मी पुढे त्याला नुसतं 'हक्कदार' म्हणेन.

हक्कदार कोण? त्या भागात राहतो तो? नाही. ज्याच्या बापाची घोडी होती तो? तेही नाही. हक्क चिकटलेला असतो तो विशिष्ट जमिनीला किंवा घराला. ते घर विकलं की हक्क नव्या मालकाकडे जातो, जुन्याकडे राहत नाही. आपल्या सातबारावर 'इतर हक्क' असा रकाना असतो ना, त्यात सामाईक विहिरीतल्या पाण्याच्या पाळीची नोंद असते. बारा दिवसांतून एकदा पाणी तुमच्या शेताला. तुम्हाला नव्हे, शेताला. शेत विकून पुण्याला गेलात म्हणून तुम्ही दर बारा दिवसांनी येऊन विहिरीवर मोटर लावू शकत नाही. अगदी तसंच.

न्यू फॉरेस्टमध्ये कोणत्या जमिनीला कोणते हक्क, याची तपासणी होऊन १८५८ मध्ये यादी तयार झाली. आजही तिथे घर घेणारा माणूस त्या यादीशी आपला तुकडा ताडून बघतो. हक्क एकच नसतो. घोडे-गाई चारायचा वेगळा, चुलीसाठी सरपण घ्यायचा वेगळा, डुकरं सोडायचा वेगळा. हा डुकरांचा प्रकार मला फार आवडतो. शरद ऋतूत ओकची फळं जमिनीवर पडतात. ती हिरवी फळं घोड्यांना आणि गुरांना विषारी, डुकरांना मात्र मेजवानी. म्हणून ठरावीक आठवडे डुकरं रानात सोडतात. डुकरं फुकट पोसली जातात आणि घोड्यांच्या तोंडासमोरचं विष उचललं जातं. नाकाने जमीन फार उकरू नये म्हणून डुकरांच्या नाकात कडी घालतात, इतका बारीक विचार.

पंच कोण?

दुसरा आणि जवळजवळ शेवटचा अवघड शब्द: व्हर्डरर. हे दहा पंच. त्यांचा प्रमुख राजसत्तेकडून नेमला जातो, पाच जणांना हक्कदार निवडून देतात आणि उरलेले चार सरकारी अंगाचे: पर्यावरण व शेतीचं खातं, वनखातं, निसर्गसंवर्धनाची संस्था आणि राष्ट्रीय उद्यानाचं प्राधिकरण यांचा एकेक. म्हणजे निम्मे गावाचे, निम्मे वरचे.

लिंडहर्स्ट गावातल्या त्यांच्या दालनात महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी ही पंचायत बसते. न्यायालयच आहे ते, नावाने आणि अधिकारानेही. सुरुवातीला एक जण उभा राहून जुन्या फ्रेंचमधली 'ऐका हो ऐका' अशी ललकारी तीनदा देतो आणि ज्याला काही गाऱ्हाणं मांडायचं आहे त्याने पुढे यावं, त्याचं ऐकलं जाईल, असं जाहीर करतो. मग कुणीही उठून बोलावं. अमुक वळणावर मोटारी वेगाने जातात, तमुक पुलाची फळी मोडली आहे, सायकलवाल्यांची शर्यत घोड्यांच्या वाटेतून नेऊ नका.

त्या दालनात एक भलीमोठी लोखंडी रिकीब टांगलेली आहे. असं सांगतात की जुन्या काळी गावकऱ्याचा कुत्रा त्या रिकिबीतून पार झाला तर तो ठेवायची परवानगी. न झाला, तर तो हरणामागे धावू शकेल एवढा मोठा, म्हणून त्याच्या पुढच्या पंजाची नखं तोडत. नियम क्रूर होता. पण सामाईक रानात कोणतं जनावर चालेल हे ठरवायला इतकं सोपं माप मी दुसरं पाहिलेलं नाही.

शेपटीवरची पावती

पंच महिन्यातून एकदा बसतात. रोज रानात कोण बघतं? त्यासाठी ॲजिस्टर नावाचे पगारी राखणदार आहेत, एकूण पाच. त्यांनी रानाचे भाग वाटून घेतले आहेत. आपल्या भागातली घोडी कुठे चरते, कुणाची आहे, लंगडते का, हाडं दिसायला लागली का, हे त्यांना पाठ असतं. शहरी माणसाला सगळ्या तपकिरी घोड्या सारख्या दिसतात, यांना ओळीने मालक दिसतात. घोड्याही सोयीच्या वागतात. प्रत्येक घोडीचा ठरलेला टापू असतो, ती तो सहसा सोडत नाही.

राखणदारांचा पगार यायला हवा, म्हणून पट्टी आहे. रानात सोडलेल्या प्रत्येक जनावरामागे हक्कदाराने वर्षाला वीसेक पौंडांच्या आसपास रक्कम भरायची. सोसायटीच्या मेन्टेनन्ससारखं समजा. फ्लॅट तुमचा असला तरी जिना, वॉचमन, पाण्याची टाकी सगळ्यांची, त्याचे पैसे वेगळे.

आता प्रश्न असा की कुणी भरले आणि कुणी नाही हे मोकळ्या रानात ओळखायचं कसं? पाच हजार घोड्यांच्या गळ्यात पावत्या बांधणार? तर उत्तर शेपटीत आहे.

उन्हाळा सरता सरता, ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, रानात 'हाका' होतो. शिकारीचा हाका नव्हे. घोड्यावर बसलेले राखणदार आणि हक्कदार पहाटे रानात पसरतात, चहूबाजूंनी घोड्या हाकत आणतात आणि लाकडी फळ्यांच्या कोंडवाड्यात शिरवतात. भाच्याने लांबून एका हाक्याचा व्हिडिओ पाठवला होता. आधी नुसता टापांचा आवाज, मग झाडीतून पंधरा-वीस घोड्यांचा लोंढा, पाठोपाठ ओरडणारी माणसं, आणि फाटक बंद झाल्यावर एकदम शांतता, फक्त फुरफुरणं. मग एकेक घोडी अरुंद बोळात घेतली जाते. राखणदार कात्री काढतो आणि शेपटीचे केस ठरावीक आकारात कापतो. प्रत्येक राखणदाराचा आकार वेगळा. म्हणजे नुसती शेपूट बघून दोन गोष्टी कळतात: यंदाची पट्टी भरली आहे, आणि ही घोडी कोणत्या भागातली. मतदानाच्या वेळी बोटाला शाई लावतात तशी ही कात्री. शाई पुसते, केस वाढतात. वर्षाने पुन्हा पट्टी, पुन्हा कात्री.

मालक कोण, हे मात्र शेपूट सांगत नाही. ते सांगतो डाग. प्रत्येक हक्कदाराचा आपला डाग असतो, एखादं अक्षर किंवा चिन्ह, आणि त्याची नोंद पंचांकडे असते. दोघांचा डाग सारखा चालत नाही. शिंगरांना डाग द्यायचं काम हाक्यातच होतं. जंताचं औषधही तेव्हाच, आणि रात्री मोटारीच्या उजेडात चमकेल असा पट्टाही तेव्हाच गळ्यात घालतात. ज्या शिंगरांना रानात ठेवायचं नाही ती ब्यूली रोड स्टेशनजवळच्या बाजारात लिलावाला जातात.

आता या सगळ्यात बांधलेलं कोण आहे ते बघा. घोडीच्या पायात दावं नाही. दावं आहे मालकाच्या गळ्यात: जागेची अट, डागाची नोंद, वर्षाची पट्टी, हाक्याला हजेरी.

खरा परवाना नराला

इथवर जे सांगितलं ते हिशेबाचं. सामाईक रानातला खरा तिढा वेगळाच आहे, आणि तो आपल्या खेड्यातल्या कुणालाही लगेच कळेल.

गावात देवाच्या नावाने पोळ सोडतात. कुणाच्याही शेतात शिरतो, कुणीही त्याला हुसकत नाही आणि गावातल्या निम्म्या गाईंची वासरं त्याची. तो चांगल्या खोंडातून निवडलेला असेल तर गावाची गुरं सुधारतात. लंगडा, हाडकुळा असेल तर पाच वर्षांत सगळं गाव लंगडी वासरं पाळतं. एका माणसाचा नर, परिणाम सगळ्यांच्या माद्यांवर. मी माझ्या गाईला चांगला वळू लावायचं ठरवलं असलं तरी मोकळ्या रानात माझ्या ठरवण्याला किंमत नाही.

घोड्यांचंही तेच. म्हणून इंग्लंडमधले सामाईक रानाचे नियम घोडीबाबत सैल आणि नराबाबत कडक आहेत. ही कडक नजर फार जुनी आहे. आठव्या हेन्रीला युद्धासाठी दणकट घोडे हवे होते. १५४० मध्ये त्याने कायदा केला की बऱ्याच परगण्यांत दोन वर्षांवरचा आणि पंधरा मुठींहून बुटका नर सामाईक रानात सोडायचा नाही. मूठ म्हणजे चार इंच, म्हणजे पाच फुटांच्या आत खांदा असलेला नर बाद. वर्षातून एकदा रान झाडून काढायचं आणि निरुपयोगी दिसणारी जनावरं मारून टाकायची, असंही त्यात होतं. गंमत अशी की आजच्या न्यू फॉरेस्ट पोनीची कमाल उंचीच १४८ सेंटिमीटर धरतात. हेन्रीच्या फुटपट्टीने यातला एकही नर पास झाला नसता. डोंगर-दलदलीत हिवाळा काढायला बुटकं जनावरच बरं, हे राजाला कळलं नाही आणि रानाने राजाचं ऐकलं नाही.

मग १९०८ मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी एक छोटासा कायदा आला, फक्त याच एका विषयावर: खच्ची न केलेले नर सामाईक रानात कोणत्या अटींवर सोडायचे. त्यातली कल्पना मला हेन्रीपेक्षा शहाणी वाटते. उंची-बिंची लंडनहून ठरवायची नाही. त्या त्या रानाच्या हक्कदारांनी सभा घ्यावी, आपले नियम करावेत आणि शेतीखात्याने त्यावर मान्यतेची मोहोर उठवावी.

न्यू फॉरेस्टमध्ये आज काय चालतं ते बघू. घोड्या आणि खच्ची केलेले घोडे वर्षभर रानात राहू शकतात. नर मात्र मंजूर झालेलाच हवा. तो जातिवंत नोंदणीतला असावा लागतो, त्याची बांधणी, चाल आणि स्वभाव तपासला जातो. स्वभावही, कारण हा प्राणी सहलीला आलेल्या पोरांच्या शेजारी चरणार असतो. मंजूर झाला तरी बारा महिने सुटी नाही. मे महिन्याच्या मध्यापासून काही आठवडे रानात, मग परत मालकाच्या कुंपणात. अलीकडे एका वर्षी सोडलेल्या नरांची संख्या डझन-दीड डझनाच्या घरात असते. पाच हजार घोड्यांच्या रानात!

मे महिनाच का? घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे. मेमध्ये भरली की शिंगरू पुढच्या एप्रिल-मेमध्ये, नेमकं कोवळं गवत फुटतं तेव्हा. ऑगस्टमध्ये भरली तर शिंगरू जुलैत, आणि हिवाळा येईपर्यंत त्याच्या अंगावर मांस धरायला वेळच उरत नाही. तारीख गवताने ठरवली आहे, कारकुनाने नव्हे.

आणि इतके कमी नर का? कारण बाजार. पूर्वी नर खूप असत, शिंगरं भरमसाट होत आणि लिलावात कवडीमोलाने जात. कवडीमोलाने घेतलेल्या जनावराचे हाल होतात, हे सांगायला पशुवैद्य लागत नाही. शिंगरू जन्मल्यावर त्याचं काय करायचं या प्रश्नापेक्षा, ते जन्मावं का हा प्रश्न आधी विचारायचा, असं पंचांनी ठरवलं. बंधन नराच्या दिवसांवर घातलं. त्यातही एकच नर वर्षानुवर्षं एकाच टापूत ठेवत नाहीत. त्याच्या मुली वयात यायच्या आत त्याला दुसरीकडे हलवायचं. इतका साधा आडाखा, पण वहीत नोंद असेल तरच तो पाळता येतो.

"अपघात झाला तर भरपाई कोण देणार?"

भाच्याचा हा पहिलाच प्रश्न होता, कारण त्याने नुकतीच जुनी मोटार घेतली होती.

आपल्याला वाटतं, जनावर ज्याचं, चूक त्याची. इंग्लंडच्या १९७१ च्या प्राण्यांविषयीच्या कायद्यात याला एक नेमका अपवाद आहे. विनाकुंपणाच्या जमिनीवरून जनावर रस्त्यावर आलं आणि नुकसान झालं, तर ती जमीन सामाईक असेल आणि मालकाला तिथे जनावर सोडायचा हक्क असेल, तर केवळ तिथे सोडलं एवढ्यावरून त्याचा निष्काळजीपणा धरता येत नाही. 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. बाकी काही चूक केली असेल तर तो सुटत नाही. पण घोडी रानात सोडणं ही चूक नाही. म्हणजे या रस्त्यावर घोडी पाहुणी नाही, मोटार पाहुणी आहे. उघड्या रानातल्या रस्त्यांवर ताशी ४० मैलांची मर्यादा आहे. घोड्याला मोटार लागली तर थांबून कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. (अशा कळवायच्या जनावरांच्या यादीत घोडा, गाय, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, शेळी, कुत्रा आहेत. मांजर नाही. मांजरवाल्यांचा त्यावर राग आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

तरीही दरवर्षी घोड्या मरतात. बहुतेकदा अंधारात, आणि पुष्कळदा रोज त्याच रस्त्याने घरी जाणाऱ्यांच्या मोटारीखाली. सवयीचा रस्ता म्हणून पाय सैल सुटतो.

मग घोड्या रस्त्यावर येतातच का? गवत तर बाजूला आहे. त्याचं उत्तर माश्या. उन्हाळ्याच्या दुपारी रानात माश्यांचा इतका उच्छाद होतो की घोड्या वाऱ्याची, उघडी जागा शोधतात: पूल, चौक, डांबरी रस्ता. एकमेकींच्या शेपटीखाली तोंड खुपसून, डुलक्या काढत तासन्‌तास उभ्या राहतात. १९६४ च्या कायद्यानंतर रानाच्या हद्दीवर रस्त्यांत लोखंडी दांड्यांच्या जाळ्या बसवल्या, ज्यावरून मोटार जाते पण खूर जात नाही. त्यामुळे त्या हद्दीबाहेर जात नाहीत. हद्दीच्या आत रस्ता त्यांचाच.

"मग कुणीही आपला घोडा आणून सोडून देईल!"

देतात. २००८ नंतर मंदीत इंग्लंडमध्ये घोड्यांचे भाव पडले आणि दुसऱ्याच्या माळावर, रस्त्याकडेला रातोरात घोडे सोडून जायचं पेव फुटलं. त्यासाठी इंग्लंडने २०१५ मध्ये वेगळा कायदा केला. परवानगीशिवाय सोडलेला घोडा जमीनमालकाने ताब्यात घ्यायचा, चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं, आणि चार दिवसांत कुणी फिरकलं नाही तर त्याची विल्हेवाट लावायचा अधिकार त्याला मिळतो. आधी ही मुदत चौदा दिवस होती, आणि चौदा दिवस घोडा पोसायचा खर्च कुणाच्या बोकांडी, यावरून सगळी मारामारी होती.

हे वाचताना मला आजोळचा कोंडवाडा आठवला. चावडीमागे चार दगडी भिंती, लाकडी दार, आत नेहमी चिखल. आपला गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ चा, म्हणजे न्यू फॉरेस्टच्या कायद्याहून सहा वर्षांनी थोरला, आणि त्यातली 'गुरं' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे: त्यात घोडे, शिंगरं, खेचरं, गाढवं, शेळ्या-मेंढ्या, उंट आणि हत्तीसुद्धा येतात. पिकात घुसलेलं जनावर चोवीस तासांत कोंडवाड्यात पोचवायचं. मालकाने दंड आणि चाऱ्याचे पैसे भरून सोडवायचं. सात दिवसांत कोणी आलं नाही तर पोलिस ठाण्याला कळवून जाहीर सूचना, त्यानंतरही सात दिवस वाट बघून लिलाव.

एकदा उन्हाळ्यात तिथे एक पांढरं तट्टू कोंडलेलं होतं. भांडी विकत फिरणाऱ्या एका म्हाताऱ्याचं. दंड भरायला त्याच्याकडे पैसे नव्हते. तो दाराबाहेर उकिडवा बसून फळ्यांच्या फटीतून तट्टाला एकेक काडी कडबा भरवत होता. संध्याकाळी आजोबांनी आणि आणखी दोघांनी मिळून दंड भरला. कारकुनाने पावती फाडली, त्यावर जनावराच्या रकान्यात 'गाय एक' असं लिहिलं. घोड्यासाठी छापील रकानाच नव्हता.

आमच्याकडे जनावराची पहिली नोंद व्हायची ती त्याने नुकसान केल्यावर. तिकडे ती पाऊल टाकायच्या आधी होते. या एका फरकातून बाकीचे फरक निघतात.

"डाग देणं, थंडीत उघड्यावर ठेवणं, हे क्रूर नाही का?"

डागाबद्दल मतभेद आहेत आणि ते खोटे नाहीत. तापलेलं लोखंड कातडीला लागतं तेव्हा शिंगराला दुखतं. मग चिप का बसवत नाहीत? इंग्लंडमध्ये घोड्यांना चिप ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची आहे, पण न्यू फॉरेस्ट, डार्टमूर, एक्समूर इथल्या अर्धरानटी पोनींना रानात असेपर्यंत त्यातून सूट आहे. रान सोडून बाहेर विकायच्या वेळी चिप लागते. हक्कदारांचं म्हणणं असं की चिप वाचायला यंत्र घेऊन वीतभर अंतरावर जावं लागतं, डाग पन्नास पावलांवरून दिसतो. जखमी घोडी दिसली की मालकाला फोन जायला पाच मिनिटं लागतात. मला हा युक्तिवाद पटतो, पण पूर्ण नाही. ज्याला डाग द्यायचा त्याचं मत विचारायची सोय नाही.

थंडीचं मात्र वेगळं आहे. हा प्राणी तिथलाच आहे. हिवाळ्यात गवत संपलं की गोर्स नावाचं काटेरी झुडूप चावून खातो. ते खाणाऱ्या घोड्यांना ओठावर मिशा येतात, असं तिथले लोक सांगतात, आणि खरोखरच मिशाळ घोड्यांचे फोटो आहेत. कुणी फारच खंगत चालली तर राखणदार मालकाला ती घरी न्यायला लावतो. आणि ते ऐच्छिक नसतं.

उलट धोका मायेचा आहे. सहलीचे लोक गाजरं, पाव भरवतात. त्याने पोट दुखतं ते एक, आणि मोटार थांबली की खाऊ मिळतो हे घोडी शिकते ते दुसरं. मग ती रस्त्याकडेलाच राहते. १ जुलै २०२३ पासून तिथल्या जिल्हा परिषदेच्या आदेशाने या घोड्यांना खाऊ घालणं आणि कुरवाळणं यावर बंदी आहे, जागेवरचा दंड शंभर पौंड. भाच्याने हे ऐकून पटकन दोन फोटो डिलीट केले.

"आणि गवत संपलं तर?"

व्यवस्थेचं सगळ्यात दुबळं अंग हेच आहे.

इंग्रजांच्या जुन्या कायद्यात चांगला आडाखा होता: हिवाळ्यात स्वतःच्या शेतातल्या वैरणीवर जितकी जनावरं जगवू शकाल तितकीच उन्हाळ्यात सामाईक रानात सोडा. आपल्याकडचा शेतकरीसुद्धा दावणीला किती बांधायची हे कडब्याच्या गंजीकडे बघूनच ठरवतो. पण न्यू फॉरेस्टमध्ये हक्कदारामागे असा आकडा बांधलेला नाही. हक्क आहे, पट्टी भरली, तर कितीही सोडा. शतकानुशतकं बाजारभाव आणि कडाक्याचा हिवाळा हेच लगाम होते. पुढे शेती अनुदान आलं, ते जनावरांच्या संख्येशी जोडलं गेलं, आणि जनावरं वाढली. निसर्गवाले म्हणतात, झाडांची रोपटी उरत नाहीत. हक्कदार म्हणतात, चराई थांबवा आणि दहा वर्षांत माळाचं झुडूपरान झालेलं बघा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण नराचे दिवस मोजणाऱ्या पंचांनी एकूण तोंडं मोजायचं टाळलं, हे मला नवलाचं वाटतं. कदाचित नर डझनभरांचे असतात आणि घोड्या मतदारांच्या.

आपल्याकडेही कायद्याच्या कागदावर हक्क जागेलाच चिकटलेला आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार गायरानावर चराईचा हक्क ते गायरान ज्या गावाचं किंवा गावांचं आहे तिथल्या गुरांपुरता. इथवर गाडी न्यू फॉरेस्टच्या रुळावरच आहे. पुढे मात्र डाग नाही, पट्टी नाही, पाच राखणदार नाहीत आणि महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी कुणी ललकारी देत नाही. कळपासोबत बिऱ्हाड वाहून नेणारे धनगरांचे घोडे पुणे, सातारा, सोलापूर, नगरच्या माळांवर आजही दिसतात. त्यांच्यातल्या भीमथडी जातीला नुकतीच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. आता त्या जातीचा नर कोण निवडणार, आणि कुठल्या गायरानावर सोडणार, ते अजून कुणी विचारलेलं नाही.

नोव्हेंबरात भाच्याचा पुन्हा फोटो आला. तीच घोडी असं त्याचं म्हणणं. मला तपकिरी घोडी एवढंच दिसलं. शिंगरू सोबत नव्हतं. गळ्यात नवा पट्टा होता, आणि शेपटीचे केस एका बाजूने पायरीसारखे कापलेले. त्याने तिथे लाल गोल काढून पाठवला होता.

"मामा, हिची यंदाची पट्टी भरलीय. माझाच कौन्सिल टॅक्स राहिलाय."

विद्यार्थ्यांना तिकडची ही घरपट्टी माफ असते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.